घड्याळ बदललं, पण प्रोग्रामला कळलंच नाही

या महिन्याच्या पत्रांत चार पत्रं वेळेबद्दलची आहेत. पहिलं पत्र प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलीचं आहे. त्याला मोठं उत्तर देतेय, कारण त्या चुकीत मी स्वतः सापडले होते आणि ती अजूनही रोज कुठे ना कुठे घडते. बाकीची तीन पत्रं घरातली, कारखान्यातली आहेत. ज्यांना प्रोग्रामिंगशी देणंघेणं नाही त्यांनी सरळ तिथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते. टॉवेल कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत दीड वर्षापासून काम करते. पाळी, हजेरी, माल रवाना झाल्याची वेळ असं सगळं हाताळणारी एक लायब्ररी मी लिहिली आणि आता आमचे तीन प्रोग्राम ती वापरतात. गेल्या महिन्यात एक मालक लॅपटॉप घेऊन दुबईला गेले. लॅपटॉपचं घड्याळ दुबईचं झालं, पण आमचा प्रोग्राम भारताचीच वेळ दाखवत राहिला. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर नीट झाला. आमचे सीनिअर म्हणाले, "रीस्टार्ट करायला सांग, टाइम झोन बदलला हे बघणं लायब्ररीचं काम नाही." मला ते पटलं नाही. मी दर वेळी सिस्टीमला झोन विचारायला लावला. आता एक मोठा अहवाल मध्येच झोन बदलल्यामुळे अर्धा एका वेळेत आणि अर्धा दुसऱ्या वेळेत निघाला. चूक कुणाची, त्यांची की माझी?

उत्तर : वयाने लहान आहेस म्हणून एकेरीत लिहिते. तुझ्या सीनिअरचं म्हणणं मला मान्य नाही आणि तुझा उपायही मान्य नाही. मात्र तू अहवाल बारकाईने वाचलास, अर्ध्या ओळी वेगळ्या आहेत हे तुझ्या लक्षात आलं, त्याबद्दल तुझं मनापासून कौतुक. बहुतेकांच्या ते लक्षातच येत नाही.

आधी माझी गोष्ट सांगते. २०१९ च्या जानेवारीत आमचा एक ग्राहक फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल या कापडाच्या प्रदर्शनाला गेला होता. इकडे सोलापुरात गड्डा यात्रेची तयारी सुरू होती, ऑफिसात निम्मी माणसं सुट्टीच्या मूडमध्ये. ऑर्डर घेण्याचा प्रोग्राम मी सी शार्पमध्ये लिहिला होता. मालकांनी तो सोलापुरात सुरू केला, लॅपटॉप मिटला, बॅगेत टाकला आणि तिकडे जाऊन उघडला. प्रोग्राम एकदाही बंद झाला नाही. विंडोजने आपणहून झोन जर्मनीचा केला. जानेवारीत जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते. १० तारखेला संध्याकाळी ८ वाजता त्यांनी एक मोठी ऑर्डर नोंदवली. माझ्या प्रोग्रामच्या डोक्यात अजून सोलापूरच होतं, त्याने वेळ धरली रात्री १२:३०, म्हणजे तारीख ११. पावती छापणारा छोटा प्रोग्राम मात्र वेगळा होता. तो दर पावतीला नव्याने सुरू व्हायचा, त्यामुळे त्याला खरा झोन मिळाला आणि पावतीवर तारीख आली १०.

एका दिवसाचा फरक, त्याने काय बिघडतं, असं वाटेल. पण माल किती दिवसांत जहाजावर चढवायचा ते ऑर्डरच्या तारखेपासून मोजलं जात होतं. गिऱ्हाइकाने लेटर ऑफ क्रेडिट (पैसे देण्याची बँकेची हमी) पावतीवरच्या तारखेप्रमाणे उघडलं आणि आमच्या वहीत एक दिवस जास्तीचा राहिला. कंटेनर आमच्या वहीतल्या शेवटच्या दिवशी भरला असता, तर कागदपत्रं बँकेत अडकली असती. अक्कलकोट रोडच्या कारखान्यातल्या एका जुन्या कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट लावलं, म्हणून वाचलो. मला फोन आला तेव्हा मी देवघरात होते, तो फोन अजून आठवतो. दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. मी डेटाबेसात नुसती तारीख साठवली होती, क्षण साठवलाच नव्हता. त्या प्रवासातल्या इतर ऑर्डरी खऱ्या कोणत्या तारखेच्या, हे शोधायला आम्हाला ईमेल चाळावे लागले.

आता असं का होतं ते बघ. झोन विचारणं हे फुकटचं काम नाही. लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत टीझेड हे झोन सांगणारं चल दिलेलं नसेल तर लोकलटाइम हे स्थानिक वेळ काढणारं फंक्शन दर वेळी झोनची फाइल बदलली आहे का ते तपासतं. लॉगच्या लाखभर ओळी लिहिताना लाखभर तपासण्या. म्हणून बहुतेक भाषा उत्तर एकदाच घेतात आणि जपून ठेवतात. गो ही भाषा स्थानिक झोन पहिल्या वापराला वाचते, पुन्हा वाचतच नाही. जावा पहिल्यांदा मिळालेलं उत्तर धरून ठेवतं. डॉट नेटमध्ये टाइमझोनइन्फो.लोकल हेही साठवलेलं असतं आणि ते पुसायला क्लिअरकॅश्डडेटा नावाचं वेगळं फंक्शन आहे. रस्टमधल्या क्रोनो या लायब्ररीने मधला मार्ग काढला आहे, साधारण सेकंदाला एकदा बदल झाला का ते बघते. सी मध्येच आणखी एक खोच आहे. लोकलटाइम झोनची पुन्हा चौकशी करतं, पण थ्रेडमध्ये (एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामांत) वापरायचं लोकलटाइम_आर तसं करेलच असं मानक सांगत नाही. एकाच प्रोग्राममध्ये कुणी एक वापरलं, कुणी दुसरं, की त्याच खोलीत दोन घड्याळं लागली म्हणून समज.

तुझ्या सीनिअरची चूक इथे आहे : लायब्ररीने एकदा विचारून आयुष्यभर तेच खरं मानलं. तुझी चूक उलट्या टोकाची : तू एकाच कामात दहा हजार वेळा विचारलंस आणि दोन उत्तरं आली.

तुझ्या घरी कुणी मागावर काम केलं असेल तर हे लगेच समजेल. बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, एकदा मागावर चढला की ताण्याचे धागे किती ते ठरलेलं असतं. मालकाला दुसरी रुंदी हवी असेल तर तो हा बीम संपू देतो आणि पुढच्याला बदलतो. चालू कापडात मध्येच रुंदी बदलली तर तो टॉवेल कुणी घेणार नाही. तसंच तुझ्या लायब्ररीत कर. प्रत्येक कामाच्या सुरुवातीला झोन एकदा विचार, तो त्या कामापुरता हातात धर, आणि ते काम संपेपर्यंत सगळ्या ओळींना तोच लाव. एक अहवाल हे एक काम. एक ऑर्डर नोंदवणं हे एक काम. पुढचं काम आलं की पुन्हा विचार. दिवसाला शंभर अहवाल निघाले तरी शंभरच वेळा विचारणं झालं, त्याचा खर्च नगण्य आहे.

याहूनही चांगलं म्हणजे तुझ्या आतल्या फंक्शनांनी सिस्टीमला काही विचारूच नये. झोन त्यांना बाहेरून मिळाला पाहिजे. "ही वेळ या झोनमध्ये लिहून दे" एवढंच त्यांचं काम. सिस्टीमला विचारण्याची जागा सगळ्या लायब्ररीत एकच ठेव, अगदी दारात. कारण रवाना झालेल्या मालाची वेळ कोणत्या झोनमध्ये दाखवायची हे लॅपटॉप ठरवू शकत नाही. ट्रक चिंचोळी एमआयडीसीतून निघाला असेल तर तो सोलापूरच्या वेळेला निघाला, मालक दुबईत असोत की कुठेही. लॅपटॉपचा झोन फक्त मालकांना "आत्ता किती वाजले" हे दाखवण्यापुरता खरा. तुझ्या पत्रावरून मला वाटतं की तुझ्या तीनही प्रोग्राममध्ये बहुतेक ठिकाणी कारखान्याचा झोन हवा होता आणि तू सिस्टीमचा घेत होतीस. कारखान्याच्या नोंदीत "एशिया/कोलकाता" असं एकदाच लिहून ठेव. निम्मा त्रास तिथेच मिटेल.

एक गोष्ट कधीही करू नकोस. लायब्ररीच्या आतून टीझेड हे चल बदलायचं, वेळ काढायची आणि पुन्हा जुनं ठेवायचं, असं मी बऱ्याच जणांना करताना पाहिलंय. ते चल सगळ्या प्रोग्रामचं असतं. तुझा थ्रेड तिकडे जर्मनी करून बसला की त्याच क्षणी दुसरा थ्रेड हजेरी जर्मनीच्या वेळेत लिहितो.

आता बदलाची वर्दी. आमच्या लहानपणी सोलापुरात गिरणीचा भोंगा झाला की घराघरांत घड्याळं लावली जायची. वडील गिरणीत होते, त्यांच्या डब्याची वेळ भोंग्यावर. सिस्टीमसुद्धा असा भोंगा देते. अँड्रॉइड झोन बदलल्याची सूचना सगळ्या अ‍ॅप्सना पाठवतं, अ‍ॅपलकडेही तशी सूचना आहे, शिवाय आपोआप ताजा राहणारा झोन वेगळा मागता येतो. लिनक्सवर सिस्टमडीच्या टायमरला झोन बदलल्यावर चालू हो असं सांगता येतं. हा भोंगा जरूर ऐक. पण वडील गाढ झोपले असले की त्यांना भोंगा ऐकू यायचा नाही, आई उठवायची. मिटलेल्या लॅपटॉपचं तसंच. झोन नेमका तो झोपेत असताना किंवा विमानतळावर उघडताना बदलतो आणि तुझा प्रोग्राम तेव्हा ऐकत असेलच असं नाही. म्हणून भोंग्यावर विसंबू नकोस, कामाच्या सुरुवातीला विचारायचं ते विचारच.

डॉट नेटचा एक खड्डा मी स्वतः पडून पाहिलाय. फ्रँकफर्टनंतर मी घाईघाईने दर ऑर्डरच्या आधी क्लिअरकॅश्डडेटा बोलवायला लागले. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम कोसळायला लागला. झालं असं की प्रोग्रामच्या दुसऱ्या एका भागात (क्लासमध्ये) मी टाइमझोनइन्फो.लोकल एका चलात आधीच घेऊन ठेवलं होतं. साठा पुसला की त्या जुन्या वस्तूला डॉट नेट "स्थानिक" मानत नाही. वेळ स्थानिक म्हणून खूण केलेली आणि झोन मात्र स्थानिक नाही, हे जुळत नाही म्हणून ते चूक फेकतं. स्थानिक झोन असा जपून ठेवू नका, दर वेळी टाइमझोनइन्फो.लोकल या गुणधर्मातूनच घ्या, असं मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं. तू तुझी लायब्ररी सी शार्पमध्ये लिहिली असशील तर कामापुरता झोन धरायला लोकल ही वस्तू वापरू नकोस. तिचं नाव घे आणि त्या नावाने झोन शोधून घे.

नावावरून आठवलं. झोन बदलला का हे ओळखायला नुसती नावं ताडून पाहू नकोस. आपल्या झोनची दोन नावं चालतात, जुनं "एशिया/कलकत्ता" आणि आताचं "एशिया/कोलकाता". क्रोम ब्राउझर बराच काळ जुनंच सांगत आला आहे. नाव वेगळं पण घड्याळ एकच. उलटही होतं : नाव तेच आणि घड्याळ वेगळं. इजिप्तने २०२३ मध्ये उन्हाळी वेळ पुन्हा सुरू केली. कझाकस्तानने १ मार्च २०२४ ला सगळा देश एका वेळेवर आणला. अशा वेळी लॅपटॉपचा झोन कुणी बदललेला नसतो, त्या झोनचे नियम बदललेले असतात. ते नियम ज्या सामाईक तक्त्यात असतात त्याला टीझेड डेटाबेस म्हणतात, आणि तो वर्षातून काही वेळा नवा निघतो. तुझ्या लायब्ररीने तो तक्ता स्वतःच्या पोटात भरून ठेवला असेल तर सिस्टीम ताजी आणि तुझी लायब्ररी शिळी, असं होईल. शक्यतो सिस्टीमचाच वापर.

याच कारणाने, जे घडून गेलंय त्याचा क्षण यूटीसीत, म्हणजे जगाच्या सामाईक प्रमाणवेळेत, साठव आणि सोबत झोनचं नाव ठेव. जे पुढे व्हायचंय, उदाहरणार्थ सहा महिन्यांनी कैरोच्या गिऱ्हाइकाशी सकाळी ११ ला बैठक, ते मात्र "कैरो, सकाळी ११" असंच साठव. आज यूटीसीत बदलून ठेवलंस आणि मध्ये तिथल्या सरकारने नियम बदलला तर तू एक तास चुकशील. आणि नुसती तारीख असेल तर तिला यूटीसीत नेऊच नकोस. आपल्याकडची मध्यरात्र यूटीसीत आदल्या दिवशीची १८:३० होते. जन्मतारीख एक दिवसाने मागे गेलेले फॉर्म तू पाहिले असशील, त्यांचं मूळ हेच.

चाचण्यांबद्दल शेवटचं. भारतात वर्षभर घड्याळ हलत नाही, त्यामुळे सोलापुरात बसून केलेल्या चाचण्या फार लवकर पास होतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी जर्मनीत पहाटेचे २:३० वाजतच नाहीत, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोनदा वाजतात. ते दोन दिवस घे. काठमांडू घे, ते यूटीसीच्या ५:४५ पुढे आहे, म्हणजे अर्ध्या तासाचा हिशोब धरून बसलेला कोड उघडा पडतो. आणि अहवाल अर्धा निघालेला असताना झोन बदल, पुढचा अहवाल काढ. पहिला पूर्ण जुन्या झोनमध्ये आणि दुसरा पूर्ण नव्या झोनमध्ये आला की मला कळव.

प्रश्न : मी सेवानिवृत्त आहे, होटगी रोडला राहतो. मुलगा दुबईत असतो. त्याच्याकडे दोन महिने राहून आलो. मोबाइलमध्ये सकाळी ८ ला रक्तदाबाच्या गोळीचा गजर आहे, तो तिथेही ८ लाच वाजत होता. पण सोलापूरच्या बहिणीला रविवारी रात्री ९:३० ला फोन करायची आठवण कॅलेंडरमध्ये लावली होती, ती तिथे ८ वाजताच यायची. एकाच मोबाइलमध्ये दोन तऱ्हा कशा? मोबाइल बिघडला आहे का?

उत्तर : काका, मोबाइल अगदी शहाण्यासारखा वागला. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिथे रात्रीचे ८ वाजतात तेव्हा तुमच्या बहिणीच्या घरी ९:३० वाजलेले असतात. त्यांना ठरलेल्या वेळी फोन जावा म्हणून कॅलेंडरने आठवण पुढेमागे केली. ती वेळ सोलापूरला बांधलेली आहे. गजर मात्र कुठल्याच गावाला बांधलेला नसतो. तुम्ही जिथे असाल तिथे ८ वाजले की तो वाजतो.

दोन्ही गोष्टींची गरज असते आणि कॅलेंडरमध्ये नवी नोंद करताना टाइम झोन निवडायची जागा असते, ती अनेकांना दिसत नाही. पुढच्या वेळी जाल तेव्हा दुसऱ्या माणसाशी ठरलेली वेळ असेल तर त्या माणसाच्या गावाचा झोन निवडा. फक्त स्वतःसाठीची असेल तर गजर लावा. गोळी मात्र दुबईत सकाळी ८ ला घेतली म्हणजे सोलापूरच्या हिशोबाने ९:३० ला घेतली. दीड तासाने तुमच्या औषधाला काही फरक पडतो का, हे डॉक्टरांनाच विचारा. अमेरिकेला जाणाऱ्यांनी तर निघण्याआधीच विचारायला हवं, तिथे रात्रीचा दिवस होतो.

प्रश्न : आमच्या युनिटचा सर्व्हर आम्ही भाड्याने घेतला आहे. रोज सकाळी ७ ला रात्रपाळीचा अहवाल निघावा असं लावलं होतं, तो दुपारी १२:३० ला निघायचा. कुणीतरी सांगितलं म्हणून सर्व्हरचा झोन भारताचा केला. तरी अहवाल १२:३० लाच. शिवाय रात्रपाळीचं उत्पादन दोन दिवसांत तुटून दिसतं.

उत्तर : सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जगाच्या सामाईक प्रमाणवेळेवर होता. तिथले सकाळचे ७ म्हणजे आपले १२:३०. झोन बदललात ते बरोबर केलंत, पण अहवाल ठरल्या वेळी सोडणारा क्रॉन हा प्रोग्राम आधीपासून चालू होता आणि तो जुनाच झोन धरून बसला. क्रॉन रीस्टार्ट करा. मायएसक्यूएल हा डेटाबेस असेल तर तेही, कारण ते सिस्टीमचा झोन सुरू होतानाच वाचतं. तुमचा प्रोग्राम डॉकरमध्ये (सर्व्हरच्या आतल्या वेगळ्या डब्यात) असेल तर बाहेरचा झोन बदलून त्याला काहीच कळत नाही, आत वेगळा द्यावा लागतो.

तुटण्याचं कारण मात्र झोन दुरुस्त करून पूर्ण जाणार नाही. यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे ५:३० ला बदलतो, म्हणून तुमची ११ ते ७ ची पाळी साडेपाचला तुटत होती. आता ती रात्री १२ ला तुटेल. कारखान्याचा दिवस पहिल्या पाळीला सुरू होतो, हे मुकादमाला न सांगता कळतं, कॉम्प्युटरला सांगावं लागतं. प्रत्येक नोंदीत खऱ्या वेळेबरोबर "पाळीची तारीख" असा वेगळा रकाना ठेवा. १५ तारखेला पहाटे ३ वाजता निघालेले टॉवेल १४ च्या रात्रपाळीत गेले पाहिजेत. कामगाराचा पगारही त्यावरच आहे, म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

प्रश्न : माझ्या वडिलांचा जन्म १९४४ चा, सोलापूरचा, सकाळी ७ चा. पत्रिका काढायचे दोन प्रोग्राम वापरले, दोघांत एका तासाचा फरक येतो आणि लग्नही (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) वेगळं येतं. कुठला प्रोग्राम चुकीचा?

उत्तर : तुमच्या प्रश्नाने मला फार आनंद झाला, कारण याचं उत्तर टीझेड डेटाबेस या जगभरच्या टाइम झोनच्या सामाईक तक्त्यात लिहिलेलं आहे. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून यूटीसीच्या ५:३० पुढे आहे. पण दुसऱ्या महायुद्धात घड्याळं एक तास पुढे केली होती. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशाची प्रमाणवेळ यूटीसीच्या ६:३० पुढे होती. तुमच्या एका प्रोग्रामने तो तक्ता वापरला, दुसऱ्याने सरसकट ५:३० धरलं. लग्न साधारण दोन तासांनी बदलतं, तेव्हा एक तास म्हणजे मोठा फरक.

वडिलांच्या घरातलं घड्याळ युद्धाच्या वेळेवर असेल तर ७ म्हणजे आजच्या प्रमाणवेळेचे ६. त्यातही प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे आणि सोलापूर ७५.९ वर. सूर्याच्या हिशोबाने आपण आणखी २६ मिनिटं मागे, म्हणजे स्थानिक वेळ साधारण ५:३४. दाते पंचांग आपल्याच गावातून निघतं, तेव्हा या स्थानिक वेळेचा हिशोब समजावून देणारी माणसं तुम्हाला शोधावी लागणार नाहीत.

तरीही तक्ता वापरणारा प्रोग्राम बरोबर, असं मी लगेच म्हणणार नाही. जुने जाणकार ज्योतिषी युद्धातला तास वजा करूनच वेळ लिहीत असतील, तर तक्ता वापरणारा प्रोग्राम तो तास दुसऱ्यांदा वजा करेल. म्हणून आधी हे बघा : ७ ही वेळ कुठून आली? आजीने भिंतीवरच्या घड्याळात पाहून सांगितली, दवाखान्याच्या कागदावर होती, की जुन्या पत्रिकेवरून उतरवून घेतली? पत्रिकेवरून असेल तर मूळ कागद शोधा आणि वेळेच्या शेजारी काही शेरा आहे का ते पाहा. त्या कागदाचा फोटो पाठवलात तर मी दोन्ही पद्धतींनी आकडे काढून देईन.